एकशे तीस अंशांवर

सकाळी अकराच्या टपालाने प्रयोगशाळेत एक पाय आला. खोक्यात कागदाचा चुरा, चुऱ्यात काळा, चकचकीत, टाचेपाशी धनुष्यासारखा वळलेला कृत्रिम पाय, आणि चवड्याच्या जरा मागे केसाएवढी बारीक चीर. सोबत कारखान्याची चिठ्ठी होती. तुमच्या कृतीने राळ बनवून असे बारा पाय केले. चालवून बघायच्या यंत्रावर बाराच्या बारा फुटले, त्यातल्या त्यात बरा निघाला तो सत्तर हजार पावलांत. वीस लाख पावलं टिकायला हवेत. महिनाअखेरीला पहिली खेप माणसांना बसवायची आहे, तोवर काय ते कळवा. सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, आणि तिला विचारलं की आपण तेव्हा काही वेगळं केलं होतं का. ती म्हणाली, "नाही." इतक्या चटकन म्हणाली, की तो शब्द आपण उच्चारला की आधीपासूनच खोलीत होता, हे तिचं तिलाच कळलं नाही. सर मान हलवून गेले. ती त्या चिरेवरून नख फिरवत राहिली. नख अडकत नव्हतं, पण कुठे चीर आहे ते बोटाला कळत होतं.

एकोणीस वर्षं ती राळ ओतत होती. इपॉक्सीची राळ तापवली की मधासारखी पातळ होते. तिच्यात हार्डनर घालायचा, साच्यात ओतायची, भट्टीत ठेवायची, आणि संध्याकाळपर्यंत तिचा दगड होतो. तो दगड पुन्हा वितळत नाही. तापवला तर जळेल, पण मागे फिरणार नाही. ताठ, कडक आणि ठिसूळ; भार सोसत राहतो, सोसत राहतो, आणि एका क्षणी कुणाला न सांगता दुभंगतो. नोकरीला लागली तेव्हा तिने हे सगळं आईला समजावून सांगितलं होतं. आईने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे तुझ्यासारखीच की, मोडेन पण वाकणार नाही. धाकटी बहीण यावर पोट धरून हसली होती, आणि हिने दोन दिवस दोघींशी अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी आपण अबोला का धरलाय हे विसरली, तरी धरलेला सोडायचा कसा हे न कळून आणखी एक दिवस काढला.

पायासाठी असली राळ चालत नाही. पाऊल पडलं की वाकायला हवं आणि उचललं की उसळायला हवं. आधी रबर मिसळून पाहिलं. चिवटपणा आला, पण ताठपणा गेला, पाय गादीसारखा बसायला लागला. मग सरांनी थर्मोप्लास्टिक धरलं, म्हणजे तापवलं की मऊ होणारं, निवलं की पुन्हा घट्ट होणारं, कितीही वेळा परत फिरायला तयार असलेलं. पांढुरकी पावडर यायची. गरम राळेत ती तासन् तास ढवळायची, आणि दुपार उलटता उलटता पावडर दिसेनाशी व्हायची. काचेच्या भांड्यात उरायचं ते नितळ, उन्हाच्या रंगाचं काहीतरी. ते ढवळणं तिला आवडायचं. मनात काही नसायचं, किंवा जे असायचं तेही पावडरीसारखं विरून जायचं. सर म्हणायचे, विरघळली म्हणजे नाहीशी झाली असं समजू नकोस. राळ घट्ट व्हायला लागली की तिला हे पाहुणं नकोसं होतं, ती त्याला बाहेर काढते, पण बाहेर जायला वाट नसते. मग ते आतल्या आतच वेगळं होऊन बसतं. कसं बसतं यावर सगळं. घाईत बसलं तर वाटाणे सांडल्यासारखं, इथे एक तिथे एक. सवड मिळाली तर एकाची जाळी दुसऱ्यात विणली जाते, आणि मग चीर पुढे सरकायला लागली की प्रत्येक धाग्यापाशी तिला थांबावं लागतं.

चौदा महिन्यांपूर्वीच्या एका खेपेत अशी जाळी विणली गेली होती. राळेच्या पट्ट्या मोडून बघणाऱ्या काकांचं खरं आडनाव सगळे विसरले होते, त्यांना सगळी प्रयोगशाळा मोडकर म्हणायची. मोडकरांनी पहिली पट्टी यंत्रावर चढवली, भार वाढवत नेला, आणि यंत्र बिघडलंय म्हणून खुर्चीवरून उठले. यंत्र बिघडलं नव्हतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून काढलेला तुटक्या पृष्ठभागाचा फोटो सरांनी मोठा करून आपल्या खोलीत लावला. ढगांवरून खाली पाहावं आणि नद्यांच्या नद्या एकमेकींत शिरलेल्या दिसाव्यात, तसा तो फोटो. पावडरीचा डबा त्याच खेपेत संपला होता, नवा यायला सहा महिने होते, आणि सरांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. दुसरी खेप न करताच निबंध छापून आला. कृतीत लिहिलं होतं: मिनिटाला दोन अंश या वेगाने थेट एकशे ऐंशीपर्यंत. ती ओळ तिच्या नोंदवहीतून उचललेली होती, तिच्या अक्षरातून.

आता दुपार झाली होती आणि ती नोंदवही उघडून बसली होती. त्या तारखेचं पान स्वच्छ होतं, एक खाडाखोड नाही. स्वच्छ होतं कारण ते दुसऱ्या दिवशी सकाळी, सवयीने, नेहमी लिहितो तसं लिहिलेलं होतं. त्या दिवशी भट्टी थेट गेली नव्हती. एकशे तीस अंशांवर असताना खोलीबाहेरच्या बोळातला फोन वाजला होता. मोबाईल कपाटात ठेवून यायचा नियम, म्हणून घरचे अडीअडचणीला त्या फोनवर करायचे. एक मिनिटात येऊ म्हणून तिने भट्टीचं थांबायचं बटण दाबलं होतं. भट्टीचा आलेख काढणारी लेखणी तेव्हा वर्षभर सुकलेली होती. किती वेळ? दहा मिनिटं असतील, तास असेल. जेव्हा जेव्हा ती त्या वेळेकडे बघायला गेली होती तेव्हा तेव्हा तिथे नुसता उजेड दिसला होता, भट्टीच्या जाड काचेतून येणारा पिवळा, आणि त्या उजेडात साचा, आणि साच्यात थरथरही नसलेली राळ. बाकीचं तिनेच कधीतरी पुसून टाकलं होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

धाकटीचा फोन होता. आई धाकटीकडे राहायची, बसने चार तासांच्या गावात. धाकटी घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची आणि आईचं सगळं बघायची. आईला दवाखान्यात ठेवून तेव्हा पाच दिवस झाले होते. धाकटी म्हणाली, आई सारखी तुझं नाव काढतेय, ये. ही म्हणाली, परवा बघते, आत्ता भट्टी चालू आहे. धाकटी "बरं" म्हणाली. पुढे काही बोलली असेल तर ते भट्टीच्या पंख्याच्या घरघरीत गेलं. मग गप्प. लहानपणापासून धाकटीचं हेच हत्यार, रागावली की बोलायचं नाही. आणि हिचंही हेच, की समोरचा बोलत नाही तोवर आपणही नाही. आपण आधी फोन ठेवायचा नाही असं तिने ठरवलं. फोनची दोरी ताणून ती भट्टीच्या दारापाशी आली होती. कानात दवाखाना ऐकू येत होता: चाकांची गाडी, कुणाचा खोकला, भांडं पडल्याचा आवाज, आणि या सगळ्याच्या अलीकडे, अगदी कानाशी, एक श्वास. धाकटीचा श्वास. सर्दी झालीय वाटतं हिला, असंही तिच्या मनात आलं होतं. आणि मग ती तिथून निघून गेली होती, उभ्या उभ्याच. लहानपणीच्या घरात गेली. दोघी एका पांघरुणात, पाठीला पाठ लावून, बोलायचं नाही म्हणून जीभ दाताखाली धरलेल्या, आणि पलीकडे आई दिवा न लावता वावरत असलेली, तिच्या पावलांचा आवाज कधी जवळ, कधी लांब. किती बरं वाटत होतं. भांडण होतं तरी बरं वाटत होतं. मग कुठेतरी घंटा वाजली, माणसांचा गलबला झाला, आणि फोन बंद झाला. ठेवला शेवटी धाकटीनेच, असं म्हणत तिने भट्टीचं बटण पुन्हा दाबलं.

आई तिसऱ्या दिवशी गेली. ही पोचली तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. चार बायका बसलेल्या असताना धाकटी एवढंच म्हणाली, तुला भट्टी सांभाळायची होती ना. त्यानंतर चौदा महिने दोघींमध्ये एक शब्द नाही. आणि इकडे सरांच्या भिंतीवर त्या नद्या. लोक येऊन फोटो बघायचे, सर तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हिच्या हातची खेप. ती हसायची. खोटं बोलतेय असं तिला कधी वाटलं नाही; त्या वेळेचं कुलूप उघडायचं नव्हतं, इतकंच. आज टपालाने किल्ली आली होती, आणि तिचा आकार पायाचा होता.

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं. दार लावून, उभं राहून, एका दमात. नोंदवही चुकीची आहे, भट्टी मध्ये थांबली होती, मी लिहिलं नाही. सर खिडकीबाहेर बघत ऐकत होते. आता ओरडतील असं तिला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बराच वेळ टेबलावरची पेन्सिल एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उलटी करत बसले. मग म्हणाले, "एकदा आलेलं उत्तर मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. भीती वाटली. दुसऱ्यांदा आलं नाही तर?" आणि जरा थांबून, "त्यातलं निम्मं माझ्या नावावर लिही." कारखान्याला त्यांनी त्याच दिवशी कळवलं की कृतीत चूक आहे, एकही पाय कुणाला बसवू नका. निबंध छापून आल्यावर पावडर कुणी मागवलीच नव्हती; कारखान्याने उलट टपाली आपल्याकडचा उरलेला डबा पाठवला. दोन खेपांपुरता.

किती वेळ थांबवायचं, हा प्रश्न सरांनी तिला विचारला आणि तिने वीस मिनिटं म्हणून सांगितलं. का वीस? अपमान वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुणी उभ्याने सोसत नाही, असा काहीतरी हिशेब तिच्या मनात होता. ओतली, तापवली, एकशे तीसवर वीस मिनिटं थांबवली. मोडकरांनी पट्टीला खाच पाडली, पात्याने हलकेच टोचून चिरेची सुरुवात करून दिली, यंत्रावर चढवली. टक्. दुसरी. टक्. त्या आवाजाला ती एकोणीस वर्षं सरावलेली होती, पण या वेळी प्रत्येक टक्‌ला तिचे डोळे मिटत होते. मोडकर तिच्याकडे न बघता म्हणाले की बाई, फरक आहे, पण मागच्या पट्ट्यांची सर नाही. मायक्रोस्कोपखाली वाटाणे दिसले, कुठे कुठे दोन वाटाण्यांमध्ये पूल बांधायचा राहून गेल्यासारखे. "सवड कमी पडली," सर म्हणाले. "जास्त. पण किती जास्त? एकच खेप आहे. त्या वेळी कुणी होतं का तिथे? कुणाला आठवत असेल?" ती म्हणाली, होतं एक माणूस. तिथे नव्हतं, पण होतं.

दोन दिवस तिने काही केलं नाही. म्हणजे कामावर गेली, काच पुसली, साचे घासले, घरी येऊन कपडे वाळत घातले. बसमध्ये खिडकीशी बसली की शहर तिच्या बाजूने विरघळत जायचं, दुकानं, खांब, रिकामी मैदानं, कुबडी घेऊन रस्ता ओलांडणारा कुणीतरी. त्या माणसाला पाय हवा असेल की नको, हे तिला माहीत नव्हतं. कदाचित त्याचा पाय नुसता मुरगळला असेल. तरी तो दिसेनासा होईपर्यंत ती मान वळवून बघत राहिली. काय विचारायचं याची ती मनात जुळवाजुळव करत होती. प्रश्न असा होता की तो कसाही विचारला तरी निर्लज्ज वाटणार. आईच्या शेवटच्या आठवड्यातला एक फोन, आणि मला त्याची मिनिटं हवीत. का? राळेसाठी. धाकटी काय म्हणेल हे तिला अक्षरशः ऐकू येत होतं, आणि ते ऐकून झाल्यावर ती मनातल्या मनात उत्तरही देत होती, भांडत होती, जिंकत होती, आणि बसमधून उतरताना दमलेली असायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने बोळातल्या फोनवरूनच नंबर फिरवला. पलीकडे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं.

"कोण?"

"मी."

यंत्र पुन्हा सुरू झालं नाही, फोनही बंद झाला नाही. तिने घाईघाईने सांगून टाकलं, पाय, चीर, भट्टी, वीस मिनिटं, आणि शेवटी विचारलं, "त्या दिवशी आपण किती वेळ बोललो?"

"बोललो कुठे?" धाकटी म्हणाली. "तू बोललीसच नाहीस. तासभर आईच्या कानाला फोन लावून ठेवला होता मी. एक शब्द बोलली नाहीस तू तिच्याशी."

भट्टी बंद होती. या वेळी शब्दन् शब्द ऐकू आला.

"आईच्या कानाला?"

"आईकडे देते म्हणून सांगितलं ना मी."

"मला ऐकू नाही आलं. मला वाटलं तू रागावून गप्प आहेस."

"मी?" धाकटी म्हणाली. "मी तर तिथे नव्हतेच. उशाशी फोन ठेवून खाली औषधं आणायला गेले होते. परत आले तरी चालूच."

कानाशी होता तो श्वास कुणाचा, हे आता तिला हळूहळू कळत होतं. सर्दी. आपण त्याला सर्दी म्हटलं होतं. तिला बसावंसं वाटलं, पण बोळात खुर्ची नव्हती. ती भिंतीला टेकत खाली आली आणि फरशीवर बसली. फोनची दोरी तिथवर पुरली. तिने विचारलं, "आई काय म्हणाली?"

"काय म्हणणार? मला चीड आली होती, मी फोन काढून घ्यायला गेले. तर मला म्हणाली, असू दे. तिची भट्टी ऐकू येतेय. काम करतेय ती." धाकटी जरा हसल्यासारखी झाली, की नाक ओढलं तिने. "हसत होती गं. त्याचाच राग आला मला. मी पाच दिवस उशाशी बसलेय त्याचं काही नाही, आणि तुझी नुसती घरघर ऐकून म्हातारी खूश."

मग धाकटीनेच हिशेब लावून दिला. भेटायची वेळ चार ते पाच. चारला दार उघडलं, आईची वेणी घातली, मग फोन लावला. म्हणजे चार वाजून सात-आठ मिनिटं. आणि पाचची घंटा झाली, शिपाई सगळ्यांना बाहेर काढायला लागला, तेव्हा आईच्या हातातून फोन सोडवून घेतला. सोडवून घ्यावा लागला, असं ती म्हणाली. दोघींनी मिळून वजाबाकी केली. बावन्न मिनिटं. धाकटी म्हणाली, लिहून घे, नाहीतर पुन्हा विसरशील. तिने तळहातावर लिहून घेतलं.

शेवटची खेप तिने एकटीने केली. ढवळताना पावडर विरली, दुपार विरली. एकशे तीसवर भट्टी थांबवली आणि ती काचेसमोर उभी राहिली. खुर्ची होती, पण बसली नाही. बावन्न मिनिटं किती असतात हे तिला तोवर माहीत नव्हतं. पहिल्या दहांत माणूस घड्याळ बघतं. विसानंतर घड्याळ बघणं सुटतं. पस्तिसाच्या सुमाराला पारदर्शक राळेत किंचित धुरकट असं काहीतरी आलं, काचेवर कुणी श्वास सोडावा इतकं, आणि तिने आपोआप काच पुसली; ते आत होतं. आई, ती म्हणाली. मग म्हणाली, मी परवा नाही, उद्या येते. मग तिने आईला बरंच काही सांगितलं, घरातलं, ऑफिसातलं, कोण काय म्हणालं, कुठली चप्पल तुटली. भट्टी घरघरत होती. वेळ झाली तेव्हा तिने बटण दाबलं, आणि नोंदवहीत त्या मिनिटाचा आकडा त्याच मिनिटाला लिहिला.

मोडकरांच्या पट्ट्या टक् म्हणाल्या नाहीत. मोडल्या, पण रेंगाळत, ओढ घेत, भार मागत मागत. पाच पट्ट्यांतल्या चार जुन्या आकड्याला येऊन टेकल्या, एक जरा खाली राहिली, आणि सर म्हणाले की ती एक खाली राहिली म्हणून मला बाकीच्या चार खऱ्या वाटतात. त्यांनी मासिकाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. त्यात तिचं नाव घालून कारण लिहिलं: नोंद राहून गेली. कारखान्याने माणसांना पाय बसवायचं दोन महिने पुढे ढकललं. नव्या राळेचे पाय यंत्रावर चढले, आणि सर निवृत्त झाले त्या आठवड्यात अकरा लाखांवर होते, अजून चालत होते.

त्याच्या पुढच्या रविवारी ती धाकटीकडे गेली. बस अर्धा तास उशिरा पोचली. धाकटीने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आल्याचं निमित्त विचारण्याऐवजी म्हणाली की उद्या शाळा सुरू होतेय आणि चाळीस शर्टांची बटणं लावायची राहिलीत. दोघी खिडकीखाली सतरंजीवर बसल्या. ऊन सरकत सरकत गुडघ्यांवर आलं, मग कपड्यांच्या ढिगावर गेलं. आईबद्दल कुणीच बोललं नाही. धाकटीच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोलणं झालं, शेजारच्या नव्या बिऱ्हाडाबद्दल झालं, सुया हल्ली किती लवकर गंजतात याबद्दलही. सहावा की सातवा शर्ट धाकटीने उचलून उजेडात धरला.

"ताई, हे वाकडं लागलंय."

तिने पाहिलं. खरंच वाकडं लागलं होतं. आधीची ती असती तर म्हणाली असती, चालतंय, कुणाला दिसतंय. तिने शर्ट परत घेतला.

"कात्री दे," ती म्हणाली. "उसवते."